बाहेरची रेघ

"मधला चेंडू तुझा होता!"

"माझा? तुझ्या नाकासमोरून गेला तो!"

"मग ओरडायचं ना! एरवी तर अख्खं मुलुंड जागं करतोस. आज तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"आजपासून तू एकट्यानेच खेळ, अनंत. तुला जोडीदार नकोय, नोकर पाहिजे."

"आणि तुला आरसा पाहिजे, श्यामसुंदर!"

जिमखान्याच्या पत्र्याच्या खोलीमागे वनमाला चुना भिजवत बसली होती. मुलुंडला येऊन तिला महिनाही झाला नसेल. दोन भले घरचे, शिकलेसवरलेले, पांढऱ्या पॅन्टीतले बाप्ये एका चेंडवासाठी कोंबड्यासारखे भांडतायत, हे बघून तिला त्यांची कीवच आली. बाजूच्या करवंदीच्या जाळीत एक चेंडू पडला होता. तो तिने उचलला, पदराने पुसला, आणि जाऊन दोघांच्या मधोमध धरला.

"भांडू नकात. ह्यो घेवा, गावलो."

दोघांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग चेंडवाकडे. अनंतराव एका फाटकातून गेले, श्यामसुंदरराव दुसऱ्यातून. चेंडू राहिला वनमालेच्या हातात.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा दत्ताराम इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. हसला की खोकायचाच तो. परळच्या गिरणीत राहून छातीत कापूस बसला होता. मोकळ्या हवेत जा, असं डॉक्टरने बजावल्यावर गिरणीतल्या एका साहेबाने शब्द टाकला आणि दत्ताराम मुलुंडच्या जिमखान्यात टेनिसच्या मैदानावर लागला. लहानपणी दादरला चेंडू वेचता वेचता तो हा खेळ शिकला होता. मैदान राखायचं, आणि कुणाला खेळायला गडी मिळाला नाही तर आपण समोर उभं राहायचं. अशा माणसाला मार्कर म्हणतात.

आणि वनमालेचं काम सारवणाचं. तेव्हा ही मैदानं मुरुमाची असायची, आणि मुरूम उडू नये म्हणून वरून शेणाने सारवायची. शनिवारी सारवण, रविवारी उजाडताना त्यावर चुन्याच्या रेघा. राहायची खोली एवढीशी, पाय लांब केले तर चुलीला लागायचे. पण अंगण बघा केवढं! कणकवलीकडच्या तिच्या गावात खोताच्या दारात नव्हतं इतकं. चंद्रप्रकाश भैय्याच्या तबेल्यातून ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन यायची, पदर खोचायची आणि त्या अंगणावर हात फिरवायची. पाठ मोडायची, पण काम झाल्यावर कडेला उभं राहून बघताना तिची मान जरा ताठ व्हायची.

त्या रात्री जेवताना दत्तारामने तिला खेळ समजावला. पाटावर पळी आडवी ठेवली, ती जाळी. पळीच्या अलीकडे एक वाटी, पलीकडे एक.

"ह्या सिंगल्स. हय एक, थंय एक. जिंकलो तर आपण, हरलो तर आपण. कोणाक बोल लावूक नको."

मग त्याने आणखी दोन वाट्या मागितल्या.

"ह्या डबल्स. हय दोघे, थंय दोघे. मैदान पण रुंद होता. दोन्ही अंगाक जी गल्ली आसा ना, तेच्यात पडलेलो चेंडू सिंगल्सात बाद. डबल्सात चालता. म्हणान तर आपण बाहेरची रेघ मारतंव."

"आणि मधलो चेंडू?"

"थंयच तर सगळी रड! दोघांच्या मदी इलो, तर तो कोणाचो? ह्यो म्हणता तुझो, तो म्हणता तुझो."

वनमालेने त्यातल्याच एका वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "म्हंजे भांडान पलीकडच्याशी नाय. आपल्याच बाजूच्याशी."

"तांच तां."

"मग नवराबायको म्हणा की!"

आता वनमालेचा स्वभाव सांगायला हवा. बाई वाईट नव्हे. हाताची सढळ, कामाला वाघ. पण काहींच्या अंगात जशी उष्णतेची कडकी असते तसा तिच्या अंगात मत्सर होता. माहेरी धाकट्या बहिणीच्या वेणीत जास्त अबोली माळली म्हणून ती दिवसभर जेवली नव्हती. सासरी जावेच्या परसातला माड जास्त धरतो म्हणून त्या माडाकडे पाठ करून कपडे धुवायची. मुंबईत आली तर जळायला ना जाऊ, ना माड. मग ती नवऱ्याच्या रॅकेटवर जळायला लागली. कुणा मेंबराने दिलेली जुनी रॅकेट ती. दमट हवेने वाकू नये म्हणून दत्ताराम रोज तिला लाकडी चौकटीत घालून चारी बाजूंनी स्क्रू आवळायचा आणि खुंटीला टांगायचा.

"माका कधी इतक्या जपलास?"

"तू वाकतंस खंय?" दत्ताराम म्हणायचा.

अशात क्षमाताई आल्या.

क्षमाताई पोस्टाच्या मोठ्या कचेरीत नोकरीला. लग्न व्हायचं होतं. पांढरं पातळ, पदर कंबरेला घट्ट खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. बायकांत त्यांच्याशी खेळणारं कुणी नव्हतं, म्हणून संध्याकाळी दत्ताराम त्यांच्यासमोर उभा राहायचा. वर्षभर हे चाललं आणि वनमालेने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिच्या हिशेबी ते ठीक होतं. तो त्या टोकाला, ही या टोकाला, मध्ये जाळी. बोलायचं तर ओरडून बोलायला लागायचं, ते वनमालेला चुलीपाशी बसून ऐकू यायचं. परक्या बाईशी नवऱ्याने बोलायचं तर असंच बोलावं.

मग थंडीत घाटकोपरच्या क्लबाबरोबर सामने ठरले. स्त्रीपुरुष जोडीच्या डबल्समध्ये क्षमाताईंबरोबर विद्याधर म्हणून एक मेंबर खेळायचा होता. त्याला कचेरीने नागपूरच्या फिरतीवर पाठवलं. जिमखान्याचे सेक्रेटरी मधुकरराव म्हणाले, "दत्ताराम, तो येईपर्यंत तू उभा राहा बाईंच्या जोडीला." आणि एका संध्याकाळी वनमाला चुन्याचं डबडं उचलायला बाहेर आली तर बघते काय, तिचा नवरा आणि क्षमाताई जाळीच्या एकाच बाजूला!

डबडं तिथेच टाकून ती मैदानामागच्या बारदानाच्या पडद्याआड गेली आणि बघत राहिली.

समोरासमोर होते तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत होते, ते तिला चाललं. आता दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. दोघांची तोंडं एकीकडे, आणि तेच तिला खुपायला लागलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण वनमाला नवऱ्याच्या शेजारी अशी कधी उभी राहिली नव्हती. बाजारात जायचं तर तो पुढे, ती चार पावलं मागे. देवळात तो पुरुषांत, ती बायकांत. शेजारी शेजारी बसले ते लग्नात, तेही मान खाली घालून. आणि ही कोण कुठली बाई त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी!

त्यावर कडी म्हणजे कुजबुज. दर खेपेला चेंडू मारून झाला की दत्ताराम बाईंच्या जवळ जायचा, तोंडापुढे हात धरायचा आणि काहीतरी सांगायचा. बाई हसायच्या, मान हलवायच्या.

"काय सांगतास तेंका कानात?" तिने जेवताना विचारलं.

"खेळातला."

"खेळातला म्हंजे काय?"

"तुका काय कळाचा हा? चेंडू खंय टाकूचो, कसो टाकूचो. बाईंचो बॅकहँड मात्र झकास हा, वनमाले. असो मारतत..."

"मग बांगडे पण तेंच्याचकडसून भाजून घेवा."

दुसऱ्या दिवशी दत्तारामने आपली पांढरी पॅन्ट स्वतः धुतली. नीळ घातली. पितळी तांब्यात निखारे घालून स्वतःच इस्तरी फिरवली. वनमाला दारात बसून बघत होती. घरात इतकी वर्षं त्याने पाण्याचा हंडा कधी खाली उतरवला नव्हता, आणि आज पॅन्टीची घडी बघा! निखाऱ्याची ठिणगी उडाली ती पॅन्टीवर पडली नाही, पण वनमालेवर पडली.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. अनंतराव-श्यामसुंदररावांचं भांडण तिने ऐकलं होतं. एका बाजूला उभी राहणारी माणसं भांडतात, हे तिला कळलं होतं. पण हे दोघं भांडतच नव्हते! "सॉरी हं, दत्ताराम." "नाही नाही बाई, माझंच चुकलं." वनमाला बारदानाच्या पडद्याआडून ऐकायची आणि जळायची. माझ्याशी मीठ जास्त झालं म्हणून भांडतो, मीठ कमी झालं म्हणून भांडतो, आणि हिच्याशी कसा साखरेत घोळलेला बोलतो!

शुक्रवारी नागपूरची तार आली. विद्याधरचं काम लांबलं होतं. मधुकरराव म्हणाले, "आता कुठून आणू दुसरा? घाटकोपरवाल्यांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. दत्ताराम, रविवारी तूच खेळ."

दत्ताराम उड्या मारत घरी आला. त्याच्यासारख्या मार्करला साहेब लोकांच्या सामन्यात खेळायला मिळणं म्हणजे काय, हे वनमालेला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच होतं. खुर्च्या मांडलेल्या, अख्खं मुलुंड बसलेलं, घाटकोपर आलेलं, आणि सगळ्यांच्या देखत आपला नवरा दुसरीच्या बाजूला. टाळ्या वाजतील. जोडी छान आहे म्हणतील. आणि आपण पत्र्याच्या खोलीमागे शेणाचे हात घेऊन.

शनिवारी तिने नेहमीसारखं सारवलं. सारवणात तिने कसूर केली नाही, ते तिला जमलंच नसतं. रविवारी उजाडताना मधुकररावांनी दत्तारामला सोड्याच्या बाटल्या नि बर्फ आणायला स्टेशनकडे धाडलं. जाता जाता तो म्हणाला, "मी इलंय की रेघा मारूया. थांब हां."

ती थांबली नाही.

रेघ मारायची तर दोन माणसं लागतात. एकाने दोरीचं टोक पायाखाली दाबून धरायचं, दुसऱ्याने ताणायची आणि दोरीच्या कडेने चुन्याचा कुंचला फिरवायचा. वनमालेने दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, खुंटी मुरुमात ठोकली आणि एकटीच कामाला लागली. खुंटी धड बसली नव्हती. मिठागरांकडून सकाळचा वारा सुटला होता, त्याने दोरी पोटाला फुगत होती. पण तिला घाई होती. आतल्या रेघा मारल्या, मधल्या मारल्या, मागच्या मारल्या. आणि बाहेरच्या दोन रेघा, गल्ल्यांच्या, मारल्याच नाहीत. उरलेलं चुन्याचं डबडं तिने पाटीखाली झाकून ठेवलं. गल्लीच नाही तर डबल्स कुठली? खेळा म्हणावं आता एकेकट्याने!

नऊच्या सुमारास खुर्च्या भरल्या. घाटकोपरचे पाहुणे आले. मधुकरराव टोपी नीट करत मैदानावर गेले आणि थबकले.

"अरे, हे काय? गल्ल्या कुठायत? आणि ही रेघ बघा, पोटुशी बाई निजल्यासारखी! हे काम कुणाचं?"

पाहुणे हसले. वनमाला खोलीच्या कोपऱ्याला टेकून उभी होती. आता तिचं तिलाच कळलं की नवऱ्याची नोकरी आपण चुन्यात कालवली. दत्ताराम बर्फाचं बारदान खाली ठेवून पुढे आला. त्याने रेघेकडे पाहिलं, उपटलेल्या खुंटीच्या भोकाकडे पाहिलं, खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कळायला त्याला वेळ लागला नाही. एकाच खाटेवर निजणारी माणसं ती.

तो म्हणाला, "माझं काम, साहेब. बाहेरची रेघ माझ्याकडून राहिली."

त्या मैदानावर 'तुझा, तुझा' असं वनमालेने पुष्कळ ऐकलं होतं. 'माझं' म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा ऐकला. ती कोपऱ्याआड सरकणार तोच त्याने सगळ्यांच्या देखत हाक मारली.

"वनमाले! दोरी घेऊन ये गो!"

ती आली. पदर डोक्यावर ओढून, खाली बघत, एका हातात दोरी, एका हातात चुन्याचं डबडं. मैदानाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. त्याने टोक पायाखाली दाबलं.

"ताण."

"ताणलंय."

"खंय ताणलंस? भात नाय गेलो काय तुझ्या पोटात?"

"तुमी धड धरा आधी. माझ्याकडे कित्याक बघतास?"

"वाकडी कशी गेली गो ती?"

"एकट्यान मारलेली रेघ वाकडीच जाता."

"मग माझी वाट बघूक काय झाला होता?"

"तुमी मोकळे खंय होतास? तुमी पॅन्टीक इस्तरी मारूक गेल्लास!"

दोघं आपल्या मते हळू बोलत होते. पण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू बोलायचं तर ते सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाणारच. आधी एक पाहुणा खुसखुसला, मग सगळेच. मधुकररावांनीही तोंड फिरवून रुमाल काढला. दत्ताराम लाल झाला. वनमाला मात्र कुंचला फिरवत राहिली, आणि बाहेरची रेघ आली ती अशी सरळ की बघत राहावं.

रेघ संपली तिथे क्षमाताई उभ्या होत्या.

"वनमालाबाई, एक विचारू का? तुम्ही यांना फार मारता का हो?"

"मी?" वनमाला उभीच राहिली. "मी कशाला मारू?"

"नाही, दर चेंडूनंतर हे येऊन माझ्या कानात एकच सांगतात. 'बाई, पाय घासू नका, रेघ फिसकटते. माझी बायको पडद्यामागून बघतेय.' मी म्हटलं, अहो, पण चेंडू कुठे टाकू ते सांगा! तर म्हणाले, 'चेंडू कुठेही टाका, पण पाय उचलून टाका.'"

वनमालेने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोरी गुंडाळण्यात फार गुंतला होता.

मग सामना झाला. वनमाला पहिल्यांदाच पडद्याआड न जाता खुर्च्यांच्या मागे उभी राहिली. मधोमध एक चेंडू आला. दत्ताराम म्हणाला, "तुमचा, बाई." बाई म्हणाल्या, "नाही, तुमचा." दोघंही अदबीने बाजूला झाले आणि चेंडू मधून शांतपणे निघून गेला. पुन्हा एक आला, पुन्हा तेच. पाहुण्याला पहिल्या पानावर बसवताना चालतं तसं त्यांचं 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' चाललं होतं. हरले. चांगलेच हरले. बाई म्हणाल्या, "सॉरी." दत्ताराम म्हणाला, "माझंच चुकलं."

वनमालेला एकदम हसू आलं. अरे देवा! ही कसली जोडी? ही तर दोन एकटी माणसं शेजारी शेजारी उभी! इतके दिवस जे ऐकून ती जळत होती, तेच आज तिला थंड करून गेलं. भांडायला माणूस आपलं लागतं.

रात्री तिने बांगडे भाजले. मीठ कमी पडलं. दत्तारामने ताट सारलं आणि भांडला. तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं, दुसरा बांगडा त्याच्या ताटात टाकला, आणि मगच उलट भांडली.

मत्सर गेला म्हणाल तर नाही. स्वभाव तो, एका सामन्याने कसा जाईल? शेण वाळलं तरी पावसाळी हवेत त्याचा वास येतोच. पुढे क्षमाताईंचं लग्न झालं, त्या कलकत्त्याला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा वनमालेने त्यांची ओटी भरली, डोळ्यांत पाणीही आणलं. पण बाईंनी जाता जाता दत्तारामला आपली नवी रॅकेट दिली, ती मात्र तिने खोलीत जुन्या रॅकेटच्या खुंटीवर टांगू दिली नाही. दाराच्या बाहेर दुसरी खुंटी ठोकायला लावली. एक सवत पुरे झाली, म्हणाली.

अठ्ठावन्न साली जिमखान्याने ठरवलं की मैदान सिमेंटचं करायचं. सारवण नको, चुना नको. रेघा रंगाच्या, एकदा मारल्या की कायमच्या. दत्तारामची नोकरी राहणार होती. वनमालेला मधुकररावांनी बोलावून सांगितलं, "वनमालाबाई, सोमवारी गाड्या येतायत. आता या आठवड्याला सारवलं नाही तरी चालेल."

"होय," ती म्हणाली.

आणि शनिवारी पाटी घेऊन तबेल्यात गेली.

"भाभी, सुना है वहाँ सिमेंट डाल रहे हैं?" चंद्रप्रकाश भैय्याने विचारलं.

"सोमवारी टाकतले. आज शनवार हा. ताजा दे."

तिने सारवलं. सवयीने कोपरे दोनदा घेतले. रविवारी उजाडताना दत्ताराम दोरी घेऊन आला. आतल्या रेघा झाल्या, मागच्या झाल्या, मधली झाली. तो दोरी गुंडाळायला लागला.

"रवली ना अजून," वनमाला म्हणाली. "बाहेरची रेघ."

"ती कित्याक गो? आज खेळणारे ते दोघेच." फाटकाशी अनंतराव बुटांच्या नाड्या बांधत होते, दुसऱ्या फाटकातून श्यामसुंदरराव येत होते. त्या भांडणानंतर दोघं एका बाजूला कधी उभे राहिले नाहीत. पण एकमेकांसमोर उभं राहायला दर रविवारी न चुकता यायचे. "आज नुसत्या सिंगल्स. गल्लीत पडलेलो चेंडू बादच."

"माका म्हायत हा."

ती चुन्याचं डबडं घेऊन बाहेरच्या कडेला गेली. दत्तारामने सुस्कारा टाकला, गुंडाळलेली दोरी उलगडली आणि टोक पायाखाली दाबलं. मिठागरांकडून वारा सुटला होता.

"ताण गो."

"ताणलंय. तुमी धड धरा."